दडलेल्या जागांचे व्याकरण : नगरमधील अवशेषांच्या छायाचित्रांविषयी

१

मराठीत 'लपणे' आणि 'लपवणे' ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. पहिल्यात कर्ता स्वतःच दृष्टीआड होतो. दुसऱ्यात कोणीतरी, काहीतरी, कोणापासून तरी दृष्टीआड करतो. 'दडणे–दडवणे', 'बुजणे–बुजवणे' या जोड्याही याच जातीच्या. 'झाकणे', 'कोंडणे', 'पुरणे' ही क्रियापदे तर कर्त्यावाचून उभीच राहत नाहीत. एखादी जागा झाकलेली आहे असे म्हणताच ती कोणी झाकली, हा प्रश्न वाक्यातच उपस्थित होतो. इंग्रजीतील 'हिडन' या एका रूपात मात्र हे सारे भेद सामावून जातात आणि त्याबरोबर कर्ताही नाहीसा होऊ शकतो.

शहरातील बंद, भूमिगत वा विस्मृत जागा शोधून काढायच्या आणि त्यांची छायाचित्रे घ्यायची, ही प्रथा गेल्या काही दशकांत जगभर रूढ झाली आहे. महाराष्ट्रातही पडके वाडे, बारवा, भुयारे, ओस पडलेल्या गिरण्या यांच्या छायाचित्रांचा मोठा साठा तयार झालेला दिसतो. या छायाचित्रांची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते : एक तर त्यांच्या सौंदर्याची, नाही तर त्यांच्या दस्तऐवजी मूल्याची. तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. छायाचित्रात जी जागा 'दडलेली' म्हणून समोर येते ती कोणत्या क्रियापदाने दडली? छायाचित्राला क्रियापद नसते. त्यात नामे असतात, विशेषणेही असतात. भिंत असते, ओल असते, अंधार असतो. परंतु भिंत कोणी घातली आणि अंधार कोणाच्या सोयीचा आहे, हे चित्रचौकटीत मावत नाही. म्हणून अशा छायाचित्राचे वाचन हे हरवलेल्या क्रियापदाचा शोध घेणारे वाचन असावे लागते.

हे प्रतिपादन तपासण्यासाठी नगर हे शहर विशेष उपयुक्त ठरते. १४९० साली अहमद निजामशहाने वसवलेले हे शहर २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर झाले असले, तरी जिल्ह्याच्या बोलण्यात ते पूर्वीपासून नुसते 'नगर'च आहे. या शहरात आणि त्याच्या आसपास दृष्टीआड झालेल्या जागा अनेक आहेत. पण त्या सर्व एकाच रीतीने दृष्टीआड झालेल्या नाहीत. येथे त्यांपैकी चार जागांचा विचार केला आहे.

२

त्याआधी या प्रथेच्या पूर्वपीठिकेकडे पाहणे आवश्यक आहे. पॅरिसचा छायाचित्रकार नादार याने १८६१च्या सुमारास त्या शहराखालील अस्थिगृहांत आणि पुढे गटारांत कॅमेरा नेला. विजेच्या कृत्रिम प्रकाशात घेतलेली ही चित्रे भूमिगत छायाचित्रणाचा आरंभ मानली जातात. त्यांतील एक तांत्रिक अडचण सैद्धांतिक दृष्ट्या फार बोलकी आहे. अंधारामुळे प्रकाशन-अवधी अनेक मिनिटांचा ठेवावा लागे आणि तेवढा वेळ जिवंत माणूस निश्चल राहू शकत नसे. म्हणून कामगारांच्या जागी नादारने कामगारांचे कपडे घातलेले पुतळे उभे केले. म्हणजे भूमिगत शहराच्या अगदी पहिल्या चित्रांतच तेथे राबणारा माणूस वगळला गेला आणि त्याची प्रतिमा ठेवली गेली. आजचा कॅमेरा क्षणार्धात चित्र घेतो, त्यामुळे ती अडचण उरलेली नाही. तरीही दडलेल्या जागांच्या चित्रांतून माणूस गैरहजरच असतो. जी गोष्ट एकदा यंत्राची मर्यादा होती ती पुढे अभिरुचीचा संकेत बनली, असे म्हणता येईल.

या छंदाला स्वतःची अशी भूमिका विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळाली. १९९६ साली टोरांटोत सुरू झालेल्या 'इन्फिल्ट्रेशन' या छोटेखानी नियतकालिकाने जिथे जाणे अपेक्षित नाही तिथे जाण्याचे एक शास्त्रच मांडले. ब्रॅडली गॅरेट यांच्या 'एक्सप्लोअर एव्हरीथिंग' (२०१३) या ग्रंथाने त्याला राजकीय आशय दिला : खाजगी मालकी आणि सुरक्षाव्यवस्था यांनी नागरिकाला बंद केलेले शहर अनधिकृत प्रवेशाने पुन्हा आपलेसे करणे. या भूमिकेत एक कर्ता गृहीत आहे. कुंपण घालणारी सत्ता तेथे स्पष्ट दिसते आणि कुंपण ओलांडणे हेच विधान ठरते. परंतु ही भूमिका भारतीय शहराला जशीच्या तशी लावता येत नाही. येथे पुष्कळ जागांना कुंपणच नसते. आणि जिथे ते असते तिथे ते ओलांडण्याचा धोका सर्वांना सारखा नसतो. कोणाला 'शोधक' म्हटले जाईल आणि कोणाला 'घुसखोर', हे ओलांडणाऱ्याच्या नावावरून, वस्तीवरून आणि पेहरावावरून ठरू शकते.

महाराष्ट्रात या छंदाला आणखी दोन वारसे मिळालेले आहेत. पहिला भुयाराच्या दंतकथेचा. किल्ला वा जुना वाडा असलेल्या गावात सहसा एक भुयार सांगितले जाते. ते दूरच्या दुसऱ्या किल्ल्यात निघते, त्यात कधीतरी कोणी उतरला तो परत आला नाही, आणि त्याच्या तोंडाशी गुप्तधन असते. दुसरा वारसा दुर्गभ्रमणाचा. गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकांनी घडवलेल्या या परंपरेत चढणे ही एक प्रकारची वारी असते आणि गिरिदुर्ग हे तिचे दैवत. या दोन्ही वारशांत नगरसारख्या सपाटीवरच्या, निजामशाही अवशेषांच्या शहराला नीट जागा सापडत नाही. चढण नसल्याने ते दुर्गभ्रमणात बसत नाही. आणि भुयाराच्या कथेत बसवायचे तर त्याच्या खऱ्या भूमिगत रचनेचा अर्थ गुप्तधनाच्या अर्थाखाली बुजून जातो.

३

पहिले उदाहरण फराहबागेचे. शहराच्या आग्नेयेला, भिंगार छावणीच्या परिसरात असलेली ही अष्टकोनी वास्तू मूर्तझा निजामशहाच्या काळात, १५८३च्या सुमारास पूर्ण झाली. विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी ती उभी होती. चहूबाजूंना उंच कमानी, मध्ये घुमटाखालचे प्रशस्त दालन आणि भोवती पाणी, अशी ही रचना आहे. तलावातील पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब पाडणारी वास्तू ही दिसण्यासाठीच बांधलेली असते. तलाव आज कोरडा आहे. गिलावा पुष्कळ ठिकाणी गळालेला आहे. तरीही मोकळ्या मैदानात उभी असलेली ही इमारत दुरूनही नजरेत भरते. ती लपलेली नाही आणि कोणी ती लपवलेलीही नाही.

असे असूनही 'अज्ञात', 'हरवलेला महाल' अशा शब्दांनी तिची छायाचित्रे सादर होताना दिसतात, तेव्हा चित्रांच्या रचनेकडे लक्ष द्यावे लागते. अशी चित्रे प्रायः आतून बाहेर घेतलेली असतात. पुढे काळोखी कमान, मध्ये प्रकाशाचा झोत, पलीकडे अस्पष्ट दुसरी कमान. भोवतालचे मैदान, रस्ता, गुरे चारणारे, सावलीला बसणारे, सकाळी फिरायला येणारे हे सगळे चौकटीबाहेर राहतात. उघड्या जागेला काळोखाची चौकट घालून तिच्यात गूढता निर्माण केली जाते. येथे 'दडवणे' या क्रियापदाचा कर्ता कॅमेराच आहे. वास्तू एकाकी आहे हा चित्राचा आशय नसून त्याचा परिणाम आहे.

हा केवळ छायाचित्रकाराचा दोष मानणे मात्र उथळ ठरेल. ज्या मूर्तझा निजामशहाच्या काळात ही वास्तू उभी राहिली तो उत्तरायुष्यात एकांतवासात गेला, दरबारापासून दूर राहिला, लोकांनी त्याला 'दिवाणा' म्हटले आणि १५८८ साली स्वतःच्या मुलाच्या हातून तो मारला गेला. उद्यानमहालाची कल्पनाच मुळी राजाला प्रजेच्या नजरेपासून दूर नेण्याची आहे. तेव्हा छायाचित्रातील निर्मनुष्यता एका अर्थाने त्या राजाच्या इच्छेशी इमानदार आहे; पण तलाव भरण्यासाठी जे हात लागले, ज्यांनी बाहेरून पाणी आणले, त्यांच्याशी ती इमानदार नाही. राजाची नजर आणि आजच्या रसिकाची नजर येथे नकळत एक होतात, हीच चिकित्सेची जागा आहे.

४

पाण्याच्या उल्लेखाबरोबर दुसरे उदाहरण आपोआप पुढे येते. निजामशाही नगरची पाणीव्यवस्था 'खापरी नळ' या नावाने ओळखली जाते. शहराबाहेर, उंचावरच्या भागात विहिरींत पाणी एकत्र करायचे. कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा आसपासच्या गावांकडून ते भाजलेल्या मातीच्या नळांतून, चुन्याने सांधे बुजवून, जमिनीखालून केवळ उताराच्या जोरावर वाहते ठेवायचे. आणि शहरातील हौदांत व बागांत सोडायचे, अशी ही योजना होती. उतार सतत आणि बेताचा राखावा लागे. सांधे तपासण्यासाठी आणि हवा बाहेर पडण्यासाठी वाटेत ठिकठिकाणी मोकळी तोंडे ठेवावी लागत.

या नळांचे भूमिगत असणे हे त्यांचे रहस्य नसून त्यांचे कार्य आहे. जमिनीखाली असल्याने पाणी आटत नाही, तापत नाही, घाण होत नाही आणि शत्रूला सहजी तोडता येत नाही. 'पुरणे' या मराठी क्रियापदाचे दोन अर्थ येथे योगायोगाने एकत्र येतात : पुरलेले पाणीच गावाला पुरत होते.

छायाचित्रणाच्या दृष्टीने यातून एक विलक्षण अडचण उद्भवते. खापरी नळ शाबूत आणि वाहता असेल तोवर त्याचे छायाचित्र घेता येत नाही, कारण तो मातीखाली असतो आणि त्याची पोकळी माणूस शिरेल एवढी नसते. पुण्याचा पेशवेकालीन कात्रजचा नळ याहून वेगळा आहे. त्याच्या बांधीव बोगद्यात माणूस उतरू शकतो, म्हणून त्याची अंतर्भागाची चित्रे घेता येतात आणि ती भुयाराच्या कथेला पोषकही ठरतात. नगरचा खापरी नळ दिसतो तो पायाच्या वा रस्त्याच्या खोदकामात फुटल्यावरच. म्हणजे जी व्यवस्था 'शोधली' गेल्याचे छायाचित्र सांगते ती त्याच क्षणी निकामी झालेली असते. छायाचित्राने केलेले अनावरण आणि व्यवस्थेचा अंत ही येथे एकच घटना आहे.

रोलाँ बार्त यांनी छायाचित्राचे मर्म 'हे होते' या प्रत्ययात पाहिले. खापरी नळाच्या बाबतीत त्या प्रत्ययाला आणखी एक पदर जोडावा लागतो : हे होते, आणि आता ते दिसते आहे, कारण ते नाही. फुटलेल्या खापराच्या चित्रात प्राचीनतेचे सौंदर्य शोधणारे वाचन ही कार्यकारणाची साखळीच तोडून टाकते. नगर हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. तेथे एका जलव्यवस्थेच्या अवशेषाकडे निव्वळ रम्य वस्तू म्हणून पाहणे ही तटस्थ रसिकता राहत नाही. वास्तुशास्त्रातील छेदचित्र येथे छायाचित्राहून अधिक सांगू शकते, कारण ते न फोडता आतले दाखवते आणि उतार, सांधा, दिशा अशा गोष्टी, म्हणजे जागेचे क्रियापद, नोंदवते.

५

तिसरे उदाहरण भुईकोट किल्ल्याचे. हुसेन निजामशहाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या मध्यास दगडी स्वरूपात बांधलेला, रुंद खंदकाने वेढलेला हा वर्तुळाकार किल्ला चांदबिबीच्या प्रतिकारानंतर १६०० साली मोगलांकडे गेला आणि १८०३ साली आर्थर वेलस्लीने तो जिंकून घेतला. पुढे इंग्रजांच्या आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्कराच्या संदर्भातच त्याचे आयुष्य गेले आहे. ही जागा शहराच्या मध्यवस्तीपासून दूर नाही, सर्वांना माहीत आहे, आणि तरीही बराच काळ सामान्य माणसाच्या पावलांना ती बंद राहिलेली आहे. हे 'कोंडणे' आहे. येथे कर्ता उघड आहे.

या किल्ल्याच्या संदर्भात एक लेखी नोंद अशी आहे की दडलेल्या नागरी जागेच्या शोधाचे याहून नेमके उदाहरण मराठी मुलखात शोधूनही सापडणे कठीण. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक करून येथे आणले गेले. त्यांना कोठे ठेवले आहे हेही आरंभी गुप्त राखण्यात आले होते. याच तुरुंगवासात, १९४४ साली, जवाहरलाल नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. ग्रंथाच्या सुरुवातीसच ते बागकामाविषयी सांगतात. अंगणातील जमीन निकृष्ट, दगडगोट्यांनी भरलेली. ती खणत असता पृष्ठभागाच्या पुष्कळ खाली जुन्या भिंतींचे भाग आणि इमारतींच्या घुमटांचे माथे लागले. एकदा भिंतीत कोरलेले दगडी कमळही सापडले. परंतु फार खोल खणणे अधिकाऱ्यांना मान्य नसल्याने ते काम पुढे नेता आले नाही.

या छोट्या परिच्छेदाचे वैशिष्ट्य असे की यात कॅमेरा नसूनही चित्र आहे, आणि चित्राबरोबर त्याची सर्व क्रियापदेही आहेत. जमिनीखाली एक राजवाडा पुरलेला आहे. त्याच्यावर एक तुरुंग उभा आहे. तुरुंगात कोंडलेला माणूस फुलझाडांसाठी माती खणतो आहे. आणि त्याला किती खोल जाता येईल हे तिसरेच कोणी ठरवते आहे. पुरणारे, कोंडणारे, खणणारे आणि मनाई करणारे, असे चारही कर्ते वाक्यांत उपस्थित आहेत. शोध अपुरा राहिला ही गोष्टही लपवलेली नाही. घुमटाचा माथा दिसला, घुमट दिसला नाही. हे अपुरेपण म्हणजेच त्या जागेचे सत्य आहे. याच किल्ल्यात मौलाना आझादांनी जी न धाडलेली पत्रे लिहिली ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने १९४६ साली प्रसिद्ध झाली. त्यांतही खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी त्यांनी जुळवलेल्या मैत्रीची हकीकत येते आणि कोंडलेली जागा ही वसलेली जागा म्हणून प्रत्ययास येते.

आज किल्ल्यातील या कैदेच्या खोल्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. त्यांत खोली दिसते, भिंतीवरच्या तसबिरी दिसतात. परंतु अंगणाखालचे घुमट दिसत नाहीत, आणि ते दिसत नाहीत हेही दिसत नाही. गद्य 'येथे काहीतरी आहे, पण पाहू दिले नाही' असे म्हणू शकते. छायाचित्राला नकारार्थी वाक्य रचता येत नाही.

६

यावरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल की छायाचित्राची उणीव शब्दाने भरून काढावी. बार्त यांनीच १९६४च्या निबंधात दाखवून दिले होते की चित्राखालची ओळ त्याच्या मोकाट अर्थांना नांगर टाकून एका जागी स्थिर करते. परंतु चौथे उदाहरण या निष्कर्षाला आवर घालते.

नगरच्या पूर्वेस शाहडोंगरावर असलेली तीन मजली अष्टकोनी वास्तू 'चांदबिबीचा महाल' म्हणून सर्वत्र प्रसिद्ध आहे. सहलीसाठी लोक तेथे जातात. तिची छायाचित्रे याच नावाखाली प्रसृत होतात. प्रत्यक्षात तो महाल नाही आणि त्याचा चांदबिबीशी संबंध नाही. मूर्तझा निजामशहाचा मंत्री दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे, आणि थडगी खालच्या तळघरात आहेत. वरच्या कमानींतून वारा आणि दूरवरचा मुलूख यांचा आनंद घेणाऱ्या पुष्कळांना पायाखाली काय आहे याची कल्पना नसते. या जागेला दार नाही, पहारा नाही, माती पडलेली नाही. तिला झाकले आहे ते नावाने.

येथे दडवण्याचे काम शब्दाने केले आहे आणि चित्राखालची ओळ ते काम रोज पुन्हा करते. तरीही या लोकप्रिय नावाकडे केवळ चूक म्हणून पाहणे बरोबर नाही. मंत्र्याला विसरून राणीला लक्षात ठेवणाऱ्या लोकस्मृतीने केलेली ती निवड आहे. किल्ला लढवणाऱ्या स्त्रीला शहरात एखादे ठळक स्मारक हवे होते. जे उंचावर होते, दुरून दिसत होते, ते तिला देऊन टाकले गेले. अशा वेळी 'खरे नाव' सांगणारी ओळ लोकस्मृतीचा कर्ता पुसते, आणि 'चांदबिबीचा महाल' ही ओळ सलाबतखानाची कबर पुसते. दोन्ही नावे एकत्र देणारी, आणि एकाने दुसऱ्याला कसे झाकले हे सांगणारी ओळ हीच या जागेची पुरेशी ओळ होईल. या कबरीचे नेमके छायाचित्र घ्यायचे तर तळघराचा अंधार आणि वरच्या मजल्यावरची सहल ही दोन्ही एकाच मालिकेत हवीत. त्यांतले एकेकटे चित्र अर्धसत्य ठरते.

७

चार जागा, चार क्रियापदे. फराहबाग कॅमेऱ्याने दडवली. खापरी नळ कामासाठी पुरला गेला. किल्ला सत्तेने कोंडला. सलाबतखानाची कबर नावाने झाकली. 'दडलेले नगर' अशा शीर्षकाखाली या चौघांची चित्रे शेजारीशेजारी मांडली, तर ती एकसारखी दिसतील : दगड, ओल, कमान, काळोख. हा सारखेपणा या छायाचित्रांच्या सौंदर्याचा आधार आहे आणि त्यांच्या असत्याचाही.

या विवेचनाला एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. डागडुजीत गिलावा बदलतो, खोदकामात खापर फुटते, माणसे दगड उचलून नेतात. अशा वेळी ज्याने काहीही न विचारता चित्र घेऊन ठेवले त्याच्यामुळेच पुढच्या अभ्यासकाला काही पुरावा उरतो. क्रियापदाची चिकित्सा नंतर करता येईल, आधी नोंद तर होऊ द्या. हा आक्षेप मान्य करावाच लागतो. पुष्कर सोहोनी यांच्या निजामशाही वास्तुकलेवरील ग्रंथाला (२०१८) या अवशेषांकडे गंभीरपणे वळवलेले लक्ष म्हणून जे महत्त्व आहे, तेही अशा नोंदींच्या आवश्यकतेचीच साक्ष देते. परंतु नोंद ही कधीच निव्वळ नोंद नसते. कोणता कोन घेतला, कोणाला चौकटीबाहेर थांबायला सांगितले, कोणती वेळ निवडली, या निर्णयांतच वाचनाला सुरुवात झालेली असते. म्हणून छायाचित्रकाराने काय करावे याची नियमावली देणे हे समीक्षेचे काम नसले, तरी या निर्णयांना निर्णय म्हणून ओळखणे हे तिचे काम आहे.

मराठी समीक्षेने आजवर छायाचित्राकडे संहिता म्हणून क्वचितच पाहिले आहे. चित्रपटाला आणि चित्रकलेला जी सैद्धांतिक दखल मिळाली ती त्याच्या वाट्याला आलेली नाही. ते एक तर कलेच्या कोपऱ्यात राहिले, नाही तर इतिहासाच्या परिशिष्टात. नगरची उदाहरणे असे सुचवतात की या वाचनासाठी लागणारी काही साधने आयात करण्याची गरज नाही. लपणे आणि लपवणे यांत भेद करणारी भाषा हाताशी आहे. चित्रासमोर उभे राहून 'हे कोठे आहे?' याऐवजी 'हे कोणी, कोणापासून?' असे विचारण्याची सवय तेवढी लावून घ्यावी लागेल. किल्ल्याच्या अंगणात थांबवलेले खोदकाम त्या प्रश्नापर्यंत येऊन पोचले होते.